सिकलसेल: रिपोर्ट हातात आल्यानंतरची कामं

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची शिबिरं आता गावोगाव होतात. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मिशन सुरू झालं. 0 ते 40 वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार हटवायचा, हे त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्राचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम त्याच्या बराच आधीचा, आणि नागपुरातली या आजाराची नोंद तर 1958 सालची. म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांना ना आजार नवा, ना बोटाला टोचून घेणं नवं. गाडी अडते ती रक्त घेतल्यानंतर. कुठे आणि का अडते, आणि रुग्णाच्या घरच्यांनी दवाखान्यात नेमकं काय मागायचं, ते इथे लिहितो आहे.

सुरुवात सोल्युबिलिटी टेस्टपासून. शिबिरात बहुतेक ठिकाणी आधी हीच होते. एका नळीत 2 मिली द्रावण, त्यात 20 मायक्रोलिटर म्हणजे छोटा थेंबभर रक्त, हलवायचं आणि पाच मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरून पाहायचं. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि झटपट आहे, पण तिला फक्त एवढंच कळतं की रक्तात 'एस', म्हणजे सिकलचं सदोष हिमोग्लोबिन आहे. माणूस एएस पॅटर्नचा, म्हणजे निव्वळ वाहक आहे, की एसएस पॅटर्नचा, म्हणजे खरा रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच कोणाला 'सिकलचा पेशंट' म्हणू नये.

उलट बाजूनेही ती फसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात 'एफ' (गर्भातलं) हिमोग्लोबिन भरपूर आणि 'एस' कमी असतं, त्यामुळे आजार असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर तेवढ्या थेंबात पुरेशा पेशीच नसतात. अशा वेळी रक्ताचं प्रमाण दुप्पट घ्यावं लागतं, आणि घाईत हे राहून जातं. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात दात्याच्या रक्तामुळे निकाल गोंधळतो. द्रावणातलं डायथायोनाइट हवा लागली की निकामी होतं, म्हणून जुन्या बाटलीवर दिवसभर सगळेच निगेटिव्ह येऊ लागले तर आनंद मानू नका, बाटलीवरची तारीख बघा. शिबिर सुरू करताना एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून पाहणं हा यावरचा साधा इलाज. फ्रीजमधून काढलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. काही जिल्ह्यांत आता पट्टीवरची टेस्ट आली आहे. ती 'ए' (नेहमीचं हिमोग्लोबिन) आणि 'एस' वेगवेगळे दाखवते आणि अगदी नवजात बाळातही चालते. ती उपलब्ध असेल तर तीच मागा.

पक्कं निदान एचपीएलसीवर किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर. त्यासाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमध्ये साधारण 2 मिली रक्त लागतं. बल्ब भरला की आठ-दहा वेळा हळूच उलटासुलटा करायचा. जोरात हलवला तर पेशी फुटतात, आणि न हलवता ठेवला तर गुठळी होते. नमुना 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचा, बर्फाला थेट चिकटवायचा नाही. जीपच्या बोनेटवर तासभर तापलेला नमुना प्रयोगशाळेत कामाचा उरत नाही. आणि नावं! एका पाड्यात एकाच नावाच्या तीन मुली सहज सापडतात. बल्बवर वडिलांचं नाव, वय आणि नंबर हवाच, नाहीतर एकीचा एसएस दुसरीच्या कार्डावर चढतो आणि ते पुढे वर्षानुवर्षं कोणी तपासत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा? 'एस' 30 ते 40 टक्के आणि बाकीचा बराचसा 'ए', म्हणजे वाहक. 'एस' 70-80 टक्के, 'एफ' 10 ते 25 टक्के आणि 'ए' जवळपास नाहीच, म्हणजे एसएस. 'एस' भरपूर आहे पण थोडं 'ए'सुद्धा दिसतंय, तर पहिला प्रश्न हा की गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं होतं का. तसं नसेल, एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) कमी असेल आणि ए2 (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) वाढलेलं असेल, तर सिकल-बीटा थॅलेसेमियाचा विचार करावा लागतो. त्यात एका पालकाकडून 'एस' आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आलेला असतो. असा माणूसही रुग्णच असतो, वाहक नाही. अशा रिपोर्टवर आईवडील दोघांचं एचपीएलसी केलं की बहुतेक कोडी सुटतात.

गरोदर बाईची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली तरच तिचा पुरेपूर उपयोग. ती एएस निघाली तर नवऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. इथे एक चूक सर्रास होते: नवऱ्याची फक्त सोल्युबिलिटी करतात, निगेटिव्ह येते, आणि सगळे निर्धास्त होतात. नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर सोल्युबिलिटीला ते दिसतच नाही, आणि होणारं मूल सिकल-बीटा थॅलेसेमियाचं असू शकतं. म्हणून नवऱ्याचंही एचपीएलसीच हवं. दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, एएस असण्याची 50 टक्के आणि 'एस' मुळीच नसण्याची 25 टक्के. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तिघं सुटली, असं नाही. हिशेब दर वेळी नव्याने होतो. गर्भाची तपासणी 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा 16 आठवड्यांच्या आसपास गर्भजल काढून होते. ती मोठ्या केंद्रातच होते, म्हणून बाईचं नाव 20 व्या आठवड्यात नोंदवलं गेलं तर हातातला बराच वेळ गेलेला असतो. करायची की नाही हा निर्णय जोडप्याचा. आपलं काम त्यांना वेळेत माहिती देणं.

एएस माणसाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायला हवी: तो आजारी नाही. त्याला रोजचं औषध लागत नाही, लोहाची कमतरता असेल तर लोहाच्या गोळ्याही बिनधास्त चालतात. लघवीतून कधी रक्त गेलं, किंवा उन्हात पाणी न पिता टोकाचे श्रम झाले, तर काळजी घ्यायची. कार्डावर 'वाहक' लिहिलं म्हणून मुलीचं लग्न मोडणारी माणसं दुसऱ्या मुलीची चाचणी करत नाहीत, हेही जाता जाता.

आता एसएस. मूल सापडलं की त्याच दिवशी ठरवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या टळल्या तर पहिल्या पाच वर्षांतच घात होतो. पाणथरी (प्लीहा) निकामी होत जाते म्हणून न्यूमोकोकससारखे जंतू झपाट्याने रक्तात पसरतात. यावर पेनिसिलिन व्ही: दोन महिन्यांच्या वयापासून तीन वर्षांपर्यंत 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग पाच वर्षांपर्यंत 250 मिलिग्रॅम दोनदा. लसीकरणात न्यूमोकोकसवरची पीसीव्ही आता सरकारी वेळापत्रकातच आहे, सहा आठवडे, 14 आठवडे आणि नऊ महिने. हे तीन डोस चुकवू नका. वयाच्या दोन वर्षांनंतरची 23 प्रकारांची न्यूमोकोकल लस बहुधा बाहेरून आणावी लागते. जिल्हा रुग्णालयात विचारून पाहावं, कधी कधी निघते. फॉलिक ॲसिड रोज. लोहाची गोळी मात्र फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) पाहिल्याशिवाय नाही. शाळेत आणि अंगणवाडीत सगळ्यांबरोबर एसएस मुलालाही लोहाची गोळी हातात दिली जाते. त्याचं हिमोग्लोबिन कमी असतं ते पेशी फुटल्यामुळे, आणि वारंवार रक्त चढवलेल्या मुलात लोह आधीच साठत असतं. शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना हे कागदावर लिहून द्या.

आईला पाणथरी चाचपायला शिकवणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने जीव वाचतात. मूल उताणं झोपवायचं, गुडघे दुमडायचे, बोटांची टोकं बेंबीच्या डाव्या बाजूपासून हळूहळू डाव्या बरगडीकडे न्यायची. रोजची जागा लक्षात ठेवायची. एखाद्या दिवशी ती दोन बोटं खाली उतरली असेल, मूल पांढरंफटक पडलं असेल आणि मलूल असेल, तर शरीरातलं रक्त पाणथरीत अडकलं आहे. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, 108 लावायचा.

हायड्रॉक्सीयुरिया. या आजारात सगळ्यात जास्त फरक पाडणारं आणि सगळ्यात जास्त अर्ध्यात सुटणारं औषध. ते 'एफ' हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे पेशी कोयत्यासारख्या वाकणं कमी होतं. ठणक, छातीचा त्रास, रक्त चढवण्याची वेळ, सगळंच घटतं. आपल्याकडच्या सिकलच्या अरब-भारतीय जनुकीय प्रकारात 'एफ' मुळातच थोडं जास्त असतं, म्हणून 'आपला सिकल सौम्य' असा एक समज डॉक्टरांतही आहे. विदर्भातले रुग्ण पाहिले तर आजाराचा जोर माणसागणिक इतका वेगळा दिसतो की त्या समजावर औषध टाळणं परवडत नाही.

डोस वजनावर. भारतात बहुधा 10 ते 15 मिलिग्रॅम प्रति किलोने सुरू करतात. सरकारी पुरवठ्यात सहसा 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल येते आणि लहान मुलांचं घोडं तिथे अडतं. 17 किलोच्या मुलाला 15 ने 255 मिलिग्रॅम होतात. मग दिवसाआड एक कॅप्सूल, म्हणजे रोजचे सरासरी 250. 25 किलोला 20 मिलिग्रॅमने बरोबर रोज एक. कॅप्सूल फोडून पाण्यात कालवण्याची वेळ आलीच तर हातमोजे घालून, आणि घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही. 

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, डोस स्थिरावला की दोन-तीन महिन्यांनी. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 1,250 च्या खाली किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली गेले तर औषध थांबवून आठवड्याने पुन्हा रक्त तपासायचं आणि पेशी सावरल्या की डॉक्टरांनी कमी डोसने सुरू करायचं. खरी गडबड अशी होते: पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सीबीसीचं मशीन बंद असतं, तालुक्याला जायचं तर मजुरी बुडते, रिपोर्ट नाही म्हणून औषध देत नाहीत, आणि महिन्याभरात औषध सुटतं. दुसरं कारण म्हणजे घाई. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि पहिल्या महिन्यात ठणक आलीच तर घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. गोळी खरंच खाल्ली जाते का, हे एमसीव्ही सांगतं: नियमित घेणाऱ्याचा एमसीव्ही चढत जातो. तो जागचा हलला नसेल तर डोस वाढवण्याआधी घरी किती कॅप्सूल उरल्यात ते विचारा. नखं काळपट पडतात, त्याने घाबरायचं कारण नाही. मूल हवं असेल तर नवरा-बायको कोणीही घेत असो, आधी डॉक्टरांशी बोलून साधारण तीन महिने बंद ठेवायचं.

दिवाळीनंतर नंदुरबारमधून ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला कुटुंबं निघतात ती होळीला परततात. त्यांना महिन्याचं औषध देऊन काय उपयोग? निघण्याआधी सीबीसी करून, पेशी ठीक असतील तर दोन-तीन महिन्यांचा साठा एकदम द्यावा, आणि जिथे जाणार तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी. हे करणारी आशाताई असते, फक्त तिला साठा द्यायला फार्मासिस्टने तयार व्हायला हवं.

ठणकेचा झटका. घरी पहिल्यांदा भरपूर पाणी, ऊब, आणि पॅरासिटामॉल 15 मिलिग्रॅम प्रति किलो, सहा तासांनी. 30 किलोच्या मुलाला 450, म्हणजे जवळपास 500 ची एक गोळी. बर्फाचा शेक अजिबात नाही, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि ठणक वाढते. गरम पाण्याची पिशवी चालते. त्यानेही भागलं नाही तर दवाखाना. गावातल्या खाजगी दवाखान्यात डायक्लोफेनॅकसोबत डेक्साचं (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं) इंजेक्शन टोचण्याची पद्धत आहे. त्या दिवशी बरं वाटतं आणि स्टेरॉइडचा असर ओसरला की झटका दुप्पट जोराने परततो. 'डेक्सा नको' हे कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला डायक्लोफेनॅकही नको.

कॅज्युअल्टीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, 'हा सारखा इंजेक्शनसाठी येतो.' नाडी आणि बीपी बरोबर आहे म्हणून ठणक खोटी ठरत नाही. अर्ध्या तासात वेदनाशामक मिळायला हवं, गरज असेल तर ट्रॅमाडॉल, त्यानेही नाही भागलं तर जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन, आणि दर अर्ध्या तासाने ठणक किती उरली हे विचारून पुढचा डोस. सलाईन गरजेपुरतंच. 30 किलोच्या मुलाला दिवसभराचं पाणी सगळं मिळून सुमारे 1,700 मिली, म्हणजे तासाला 70 मिली. 'सिकल आहे, सलाईन धावतं सोडा' या सवयीने फुप्फुसात पाणी भरतं आणि ठणकेसाठी आलेलं मूल छातीच्या त्रासाने आयसीयूत जातं. ऑक्सिजन 95 च्या खाली असेल तरच. साध्या ठणकेसाठी रक्त चढवू नये; नेहमी 7-8 हिमोग्लोबिनवर नीट चालणाऱ्या मुलाला आकडा 'कमी' दिसतो म्हणून बाटली लावणं हीही चूकच. चढवायचंच तर हिमोग्लोबिन 10 च्या वर नेऊ नये, रक्त घट्ट होतं. शक्य असेल तिथे आरएच सी, ई आणि केल हे उपगट जुळवून घ्यावं, नाहीतर वारंवार चढवल्यानंतर जुळणारं रक्त मिळणं अवघड होत जातं.

ताप 38.5 अंश सेल्सिअस म्हणजे 101 फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखून धाप लागणं, अचानक पांढरं पडणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं, मुलाचं लिंग दोन तासांहून जास्त वेळ दुखरं आणि ताठ राहणं: यात घरगुती उपाय करत बसायचं नाही. तापात पीएचसीतच सेफ्ट्रिअॅक्सोनचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवायचं, रेफरची चिठ्ठी लिहिण्यात तास घालवायचा नाही. गडचिरोलीसारख्या भागात मलेरियाची चाचणी त्याच वेळी. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण असतं हे खरं, पण एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो जीवघेणा ठरतो. मलेरियावरचं प्रायमाक्विन देण्याआधी जी6पीडी या विकराची कमतरता आहे का ते पाहावं, आदिवासी भागात तीही आढळते.

म्हणून एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात कायम जवळ हवा. पॅटर्न, रक्तगट, बरं असतानाचं हिमोग्लोबिन, वजन, हायड्रॉक्सीयुरियाचा डोस, आतापर्यंत किती बाटल्या चढल्या, कशाची ॲलर्जी, कोणत्या वेदनाशामकाने आराम पडतो. बरं असतानाचं हिमोग्लोबिन ही यातली सगळ्यात मोलाची नोंद. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला 7.5 हा आकडा घसरलेला आहे की नेहमीचा, हे त्याशिवाय कळत नाही.

वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, वयाच्या दहा वर्षांनंतर डोळ्यांचा पडदा. 2 ते 16 वयात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करावी असं सगळीकडे सांगितलं जातं. ती मिळते फार थोड्या ठिकाणी, त्यामुळे मेडिकल कॉलेजला काही कामाने जाल तेव्हा तिचाही नंबर लावून टाका. कंबरेच्या सांध्यात दुखून लंगडणं सुरू झालं तर एक्सरे साफ आला तरी एमआरआय मागा, खुब्याचं हाड सुरुवातीला एक्सरेत धोका दाखवत नाही.

सवलतींचं थोडक्यात. सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता मिळायला हवं. ओळखपत्र जवळ ठेवा. एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास सवलत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, पण त्यासाठी शाळेकडून अर्ज वेळेत जायला हवा. रेल्वेत उपचारासाठी स्लीपर, चेअर कार, थ्री आणि टू एसीला 50 टक्के सवलत आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राबाबत गैरसमज फार. 2016 च्या कायद्यात सिकलसेल आजार दिव्यांगत्वात धरला आहे, अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर करायचा आणि तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या मंडळासमोर. हे एसएस आणि सिकल-बीटा थॅलेसेमियासाठी. वाहकाने अर्ज केला तर तो फेटाळला जाणार. टक्केवारी कागदपत्रांवर ठरते, म्हणून भरती झाल्याची डिस्चार्ज कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी फेकू नका. 40 टक्के किंवा जास्त मिळाले तर उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण लागू होतं, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण मात्र नाही: कायद्याच्या कलम 34 मधल्या यादीत रक्ताचे आजार घातलेले नाहीत. बारावीनंतर भरतीचे फॉर्म भरताना मुलं त्या रकान्यात खूण करतात आणि कागदपत्र पडताळणीत बाद होतात, तेव्हा त्यांना हे आधीच सांगा.